उजवीकडचे तीन काटे

बेनी अब्बेस, १९ सप्टेंबर १९८६

मौलूद, खूया, माझ्या भावा,

तुझी तार मिळाली. खजूर उतरले की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तू येणार, ओरानहून गिऱ्हाईक बरोबर आणणार आणि बाबांची गाडी तो घेऊन जाणार. तारेत सलाम लिहीत नाहीत हे मला माहीत आहे. तरी मी तो शोधला.

वाद घालायला हे पत्र नाही. गाडीचे कागद तुझ्या नावावर आहेत. इथे काय चाललंय ते मी रोजनिशीत लिहिते तसं तुला कळवीन आणि ठरवणं तुझ्यावर सोडीन. हे शेवटचं वाक्य लिहून मी थांबले, कारण ते पूर्ण खरं नाही. ठरवणं तुझ्यावर सोडायची माझी इच्छा नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही.

वसंतात जे झालं ते मी नाकारत नाही. बाबा कर्झाझहून परत येत होते आणि इंजिनातलं बेअरिंग ठोकत होतं. समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर त्यांना हात करून थांबायला सांगत होता. या रस्त्यावर समोरच्याला सलाम न करता कोण जातं? बाबांनी प्रत्येकाला हात हलवून सलाम केला आणि पुढे निघाले. इंजिन जाम होईपर्यंत त्यांना काहीच ऐकू आलं नाही. मग तू आलास, अंगणात उभा राहिलास आणि भिंतीकडे बघत म्हणालास, "हा म्हातारा एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल." बाबा आता ओठ वाचतात. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाला?" मी पाटीवर जसंच्या तसं लिहिलं. वाचून ते म्हणाले, "तोंडावर बोलला असता तर मीच वाचलं असतं."

उन्हाळ्यात बेशारला इंजिन पुन्हा बांधून झालं. गाडी अंगणात उभी आहे. बाबा रोज सकाळी बॉनेट उघडतात, सवयीने कान लावतात, आणि मग आपण कान लावला हे आठवून बॉनेट बंद करतात. यम्मा म्हणते, "कान गेले म्हणून काय बिघडलं? होते तेव्हा तरी माझं कुठे ऐकत होते!" पण तीही मग ओट्याकडे तोंड फिरवते. बाबा जेवणावरून अर्ध्यातून उठतात हे तिने मला सांगितलं नाही, मी पाहिलं.

चाळीस वर्षं त्यांनी गाडी कानाने चालवली, मौलूद. आपल्या ४०४ पिकअपमध्ये तेलासाठी एक लाल दिवा आहे, आणि तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. पाण्याचा काटा कधीचाच मेलेला आहे. बाबांना या काट्यांची गरजच नव्हती.

बेशारच्या मोडबाजारात मला एका जुन्या ट्रकमधून काढलेली तीन मीटरं मिळाली. एक तेलाच्या दाबाचं, एक पाण्याच्या उष्णतेचं, आणि एक इंजिन किती जोराने हवा ओढतं ते सांगणारं. विजेचं त्यांत काही नाही. इंजिनातलं खरं तेल बारीक नळीतून थेट काट्यापर्यंत येतं. जे बाबांना ऐकू येत नाही ते कदाचित दिसू शकेल, एवढंच माझ्या मनात आहे. त्यातून काही निष्पन्न होईल असं मी म्हणत नाही.

बख्ता

*

३ ऑक्टोबर

मौलूद,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

मीटरं बसवायला मी सी लारबीला बोलावलं. चौकातला, रेडिओ आणि हॉर्न दुरुस्त करणारा, तोच. पाण्याच्या मीटरची रचना अशी असते की पुढे बोटाएवढा पितळी बल्ब, मागे डबी, आणि मधे केसापेक्षा थोडं मोठं भोक असलेली तांब्याची लांबलचक नळी. तिन्ही जन्मतःच जोडलेली. बल्बात ईथर असतं. पाणी तापलं की ईथर फुगतं आणि काट्याला ढकलतं. हे सगळं मी सांगत होते तोवर त्याने पक्कड काढली होती.

"सी लारबी, ही वायर नाही."

"उस्ताझा, शाळेत तुम्ही शिकवा, पण वायर मला ओळखू येत नाही होय? तांबं आहे, बारीक आहे, आणि हातभर जास्त आहे. जास्तीची वायर ठेवली की शॉर्ट होतं."

"अहो, नळी आहे ती!"

कट्.

दवाखान्यातला वास अंगणभर पसरला. काटा, जो नुसत्या उन्हानेच थोडा वर चढला होता, खाली येऊन पडला.

"हे काय झालं?" सी लारबीने नाक धरून विचारलं.

"ईथर उडालं."

"वायरीत ईथर? कोण भरतं असलं?"

बाबा पायरीवर बसून सगळं बघत होते. त्यांना वाक्यं कळली नसावीत, पण सी लारबीचा चेहरा वाचायला ओठांची गरज नव्हती. बऱ्याच दिवसांनी ते हसले. म्हणाले, "लारबी, तू माझ्या लग्नात दिवे लावले होतेस. तेव्हाही असाच वास आला होता."

मी रागावले होते. रात्री रोजनिशीत लिहिताना लक्षात आलं की माझा राग त्याच्यावर नव्हता. आता वेळ कमी उरला होता, त्याच्यावर होता. दुसऱ्या दिवशी मी त्या मेलेल्या मीटरची काच काढली.

तुला माहीत आहे, मी वीस वर्षं ही आकृती फळ्यावर काढते. चपटी पोकळ नळी, वाकवून अर्धवर्तुळ केलेली, एक टोक बंद. आत दाब वाढला की ती सरळ व्हायचा प्रयत्न करते. मुलं वहीत उतरवतात, परीक्षेत काढतात, विसरतात. मी ती प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती. डबीत ती होती, नखाएवढ्या रुंदीची, पिवळी, कोणीतरी हाताने वाकवल्यासारखी. मग मी तेलाच्या मीटरचीही काच काढली आणि त्याला सायकलचा पंप लावला. बाबांना शेजारी बसवलं. पंप मारला.

नळी हलली. झोपेत कोणी कूस बदलायच्या बेतात असावं आणि बदलू नये, तेवढीच. आणि तेवढ्यावर काट्याने अर्धी तबकडी पार केली.

मी पुन्हा मारला. पुन्हा. मौलूद, धातू श्वास घेतो आहे असं मला वाटलं, आणि असं वाटणं शास्त्राच्या शिक्षिकेला शोभत नाही म्हणून मी ते लगेच खोडलं. पण जे पाहिलं त्यासाठी दुसरे शब्द सापडत नाहीत. बाबांनी माझ्या हातातून पंप घेतला. दुपार कलल्यावरची असरची अजान झाली तरी आम्ही दोघं तिथेच होतो.

बख्ता

*

१७ ऑक्टोबर

मौलूद,

मीटरं बसली.

सी लारबीने शरमेने स्वतः बेशारला जाऊन दुसरं पाण्याचं मीटर शोधून आणलं. पण त्याची नळी आखूड निघाली. ती वाढवता येत नाही, कापता येत नाही, जोडता येत नाही. हे आता त्यालाही पाठ झालंय. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात बल्ब आत जाईल एवढं मोठं भोक एकच आहे, आणि ते उजवीकडे आहे. स्टिअरिंग डावीकडे. तिथून नळी जेमतेम उजव्या सीटसमोरच्या पट्टीपर्यंत पोचते. एक बोटही पुढे नाही. तिन्ही मीटरं एकत्रच हवीत असं बाबांनी आधीच बजावलं होतं, म्हणून तिन्ही तिथेच बसवली.

बाबा खवळले. "ड्रायव्हर या बाजूला बसतो, लारबी. हे काटे कुणासाठी? मागल्या वेळी आणलेल्या बकरीसाठी?"

"हाज, नळी पोचत नाही!" सी लारबी गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला.

"ओरडू नकोस. ओठ हलव."

"नळी. पोचत. नाही."

"हं. मग बकरीला शिकव."

तेलाची नळी पारदर्शक नायलॉनची आहे, पेनातल्या रिफिलएवढी. ती मी स्वतः ओढली, एग्झॉस्टपासून दूर, पत्र्याच्या कडेवर रबर लावून, कुठे घासणार नाही अशी. इंजिनाच्या बाजूला जोड घट्ट केला. हवेच्या मीटरला रबरी नळी लावली. मग बाबांना उजव्या सीटवर बसवलं, मी स्टिअरिंगमागे बसले आणि किल्ली फिरवली.

आता मी सावकाश लिहिते, कारण हे तुला जसं झालं तसं दिसावं असं मला वाटतं.

आधी नळीत काहीच नव्हतं. मग तिच्या खालच्या टोकाला मधासारखा एक थेंब दिसला आणि तो चढू लागला. न घाई, न थांबणं. पत्र्यातून आत आला, डॅशबोर्डखाली वळला, वर चढला. टोकापर्यंत पोचला नाही; पुढे थोडी हवा अडकून दाबली गेली होती आणि शेवटची चार बोटं दाब त्या हवेनेच पोचवला. पण इंजिनाच्या पोटातलं तेल आपल्या डोळ्यांपुढे, बसल्या जागी, येऊन उभं राहिलं होतं. आणि तबकडीवरचा काटा उठला. तीनवर गेला आणि तिथे किंचित थरथरत राहिला.

हवेचा काटा तर एकदम उडी मारून उभा राहिला. मी पाय दाबला की तो कोसळायचा, सोडला की उसळायचा. पाण्याचा काटा सगळ्यात संथ. तो निघाला आहे हे तो पोचल्यावरच कळलं.

बाबांनी एक बोट काचेवर ठेवलं. मग तेलाच्या नळीवर ठेवलं आणि तिच्या वळणावरून खाली नेलं. अगदी हळू (हळू बोलणं त्यांना आता जमत नाही, पण त्या वेळी जमलं) ते म्हणाले, "आवाज असा दिसतो होय."

यम्मा पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "काय झालं? मेलं का पुन्हा?"

"ये, बघ," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं मी ज्याच्याशी बोलत होतो त्याचं तोंड आज पाहिलं."

यम्मा वाकून बघत राहिली. तिने हात कपड्यांना पुसले आणि आत गेली. चुलीवरची कसरा भाकरी करपली.

त्यानंतर बाबा मला सांगत राहिले: दाब, सोड, अर्धा दाब, धर. एकदा म्हणाले, "तिथे. बघितलंस? हवेचा काटा मधूनच अडखळतो. एक व्हॉल्व जरा आळशी आहे. बेशारवाल्याला सांगायला हवं." मी कान देऊन ऐकलं. माझे दोन्ही कान शाबूत आहेत, मला इंजिन एकसारखं वाटत होतं.

आणखी लिहिण्यासारखं आहे. आज नको.

बख्ता

*

२४ ऑक्टोबर

मौलूद,

मागचं पत्र मी टाकलं तेव्हा एक गोष्ट घडून गेली होती, आणि ती मी लिहिली नाही. गेला आठवडा मला ते पत्र बोचत होतं. म्हणून आता लिहिते. हे वाचून तू आणखी लवकर निघालास तरी चालेल.

मीटरं बसवली त्याच दुपारी बाबा गाडी घेऊन एकटे कर्झाझच्या रस्त्याला लागले. मी दुपारच्या वर्गांना शाळेत गेले होते. ते नेहमीसारखे डावीकडे, स्टिअरिंगवर. काटे उजवीकडे. त्यांना ते बघायचे होते, आणि एकदा बघितले की नजर हटत नव्हती. चढावर ते उजवीकडे झुकले. रस्ता वळला, गाडी वळली नाही.

वळणावर दगडांची खूण आहे, तिच्या सावलीत एक माणूस मोटरसायकल टेकवून भाकरी खात होता. त्याने ओरडून सांगितलं. मग उडी मारली. गाडीने दगड पाडले आणि मऊ वाळूत दारापर्यंत रुतली. कोणालाही लागलं नाही. मोटरसायकलचा आरसा फुटला. त्या माणसाने बाबांना पाणी पाजलं, गाडी उकरून काढायला मदत केली, आणि त्यांना ऐकू येत नाही हे कळल्यावर रडला. हे मला त्यानेच येऊन सांगितलं.

तुझं वाक्य खरं होता होता राहिलं. तू बरोबर होतास. मी ते काटे आणले नसते तर बाबा त्या दुपारी घरीच बसले असते. हा विचार मी रोज नव्याने तपासते आणि तो रोज तसाच निघतो.

बाबा आता बॉनेटही उघडत नाहीत. दोन दिवसांपूर्वी मी पाटीवर लिहिलं, "मौलूद गिऱ्हाईक घेऊन येतो आहे. मी त्याला अडवू का?" त्यांनी खडू घेतला, पाटी मांडीवर धरून बसले, आणि काहीही न लिहिता परत दिली.

अडवायला माझ्याकडे आता काही नाही.

बख्ता

*

१ नोव्हेंबर

खूया,

आज एक नोव्हेंबर, क्रांतिदिन, शाळेला सुट्टी. सकाळी चौकातून झेंडे आणि मुलांचा गलका. मी चहा घेऊन अंगणात आले तर बाबा गाडीत बसलेले. उजवीकडे. डोक्याला स्वच्छ पांढरा शेश बांधलेला, प्रवासाला बांधतात तसा. आणि किल्ली स्टिअरिंगमागच्या सीटवर ठेवलेली.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. "बाबा, मी?"

"दुसरं कोण आहे? बकरी?"

"मला वाळूत चालवता येत नाही."

"तुझ्याकडे परवाना आहे ना? ओरानला शिकत होतीस तेव्हाचा?"

"तो शहराचा आहे, बाबा."

"वाळूला काय माहीत कुठला ते. बस."

यम्मा दारात आली. "अरे देवा, हिला वाळूत पाठवता? गाव काय म्हणेल?"

"गाव काय म्हणेल ते मला ऐकू येणार नाही," बाबा म्हणाले.

मी बसले. किल्ली फिरवून इंजिन सुरू केलं. निघायच्या आधी त्यांनी मला थांबवलं आणि दलीलाविषयी सांगितलं. तुला ते सांगितलं असेल, मला कधीच नाही. ट्रक घेऊन ते तानेझ्रूफ्तचं वाळवंट ओलांडून गाओला जायचे तेव्हा उजव्या सीटवर वाट दाखवणारा असायचा, दलील. त्याला स्टिअरिंग धरताही यायचं नाही, आणि तरी सगळ्या काफिल्यात मान त्याचा. त्याच्या सीटवर दुसरं कोणी बसायचं नाही. मुक्कामी चहाचा पहिला पेला त्याचा. निघताना ड्रायव्हर विचारायचा, "रस्ता आहे का?" आणि तो "आहे" म्हणेपर्यंत चाक हलायचं नाही. तो बोलायचाही कमी. तळहात वर म्हणजे थांब, खाली म्हणजे सावकाश, पुढे म्हणजे सोड.

"मी पंधरा वर्षं विचारलं," बाबा म्हणाले. "आता तू विचार."

मी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं, "रस्ता आहे का?"

त्यांनी काट्यांकडे पाहिलं. तेल चढलं होतं. हवेचा काटा तसाच मधूनच अडखळत, पण जागेवर होता. पाण्याच्या काट्याची त्यांनी वाट पाहिली, मला वाटलं त्याहून बराच जास्त वेळ. चौकातून जाणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, सी लारबी दुकानातून ओरडला, "उस्ताझा, हॉर्न चालतो, मी लावलाय!" मग बाबांचा हात पुढे झाला.

"आहे."

गाव संपेपर्यंत मी दोनदा इंजिन बंद पाडलं. बाबा हसले नाहीत. रस्ता मी बघत होते, इंजिन ते बघत होते. त्यांचा तळहात माझ्या डोळ्यांच्या कडेला होता आणि हळूहळू मला तो न बघता दिसू लागला. खाली, आणि मी पाय सैल करी. पुढे, आणि गाडी मोकळी सुटे. हमादाच्या खडकाळ पठाराच्या चढावर, पाडलेल्या दगडांच्या थोडं पुढे, तळहात एकदम वर झाला.

मी थांबवली. मला काही ऐकू आलं नव्हतं. इंजिन छान चाललं होतं.

"तोंड वाऱ्याकडे कर," ते म्हणाले. मी गाडी वाऱ्याकडे वळवून बंद केली. "तेलाचा काटा तीनच्या खाली आला, मग पुन्हा वर गेला, मग पुन्हा खाली. बॉनेट उघड."

इंजिनावरचा जोड, जो मी घट्ट केला होता असं मी तुला लिहिलं होतं, पुरता घट्ट नव्हता. तेल झिरपून खाली पडत होतं. आणखी तासभर तसंच चालवलं असतं तर वसंतात झालं तेच पुन्हा झालं असतं, आणि या वेळी ऐकू येणारा माणूस गाडीत असूनही. मी जोड आवळला. तेल भरलं. बाबांनी उतरून बघितलंसुद्धा नाही. ते काट्यांसमोर बसून होते.

पुन्हा किल्ली फिरवली. काटा उठला, तीनवर गेला, थांबला. बाबांनी डोळे मिटले. काटे समोर असताना त्यांनी डोळे का मिटले असतील, हे मी विचारलं नाही. थोड्या वेळाने उघडले आणि म्हणाले, "ऐकलं."

वर, जिथून खालची सगळी बाग आणि वाळूचा मोठा डोंगर दिसतो, तिथे आम्ही चहा केला. पहिला पेला मी त्यांना दिला. त्यांनी तो घेतला, मौलूद, न संकोचता, ज्याचा त्याला मिळावा तसा. मग चार शब्दांत मला सांगितलं की चौथा गिअर मी उशिरा टाकते.

परत येतानाही पूर्ण रस्ता गाडी मीच चालवली. गाव दिसू लागलं तसे त्यांनी हात मांडीवर ठेवले. म्हणजे आता तू बघ. मी बघितलं.

तू ज्या गोष्टीसाठी येतो आहेस ती झाली आहे. बाबा आता गाडी चालवत नाहीत. त्यांनी सोडली, कोणी घेतली नाही. गाडी मात्र निघत राहील, खजूर आहेत, कर्झाझला औषधं पोचवायची आहेत, आणि गुरुवार-शुक्रवारी मी मोकळी असते. कागद तुझ्या नावावर आहेत, हे मी विसरलेले नाही. गिऱ्हाईक आणायचं ठरलंच असेल तर आण, आम्ही त्याला फिरवून आणू.

पण तुम्हा दोघांना मागे ताडपत्रीखाली खजुरांच्या पोत्यांवर बसावं लागेल. पुढची उजवी सीट रिकामी नाही.

बख्ता